पाच वॅट

अॅम्प्लिफायरचा आवाज कमी करणारी पेटी रेडिओदुरुस्तीवाल्यानं घरीच बनवली होती. एकदा बायको गाणी ऐकत असताना पेटी जळाली. “नसते उद्योग! कुठलं बटण पिरगाळलंस?” तो पाहुण्यांसमोर ओरडला. “चुकलं हो माझं,” ती म्हणाली, आणि पुन्हा तिनं गाणी लावलीच नाहीत. ती वारल्यावर महिन्याभरानं त्यानं माळ्यावर टाकलेली ती जळकी पेटी उघडली. आतला वीज अडवणारा रेझिस्टर जळून काळवंडला होता, पण त्यावरचा आकडा वाचता येत होता: पाच वॅट. त्या अॅम्प्लिफायरचा भार सोसायला पन्नासचा हवा होता. पाचचा त्यानंच बसवला होता. “आईची करामत ना?” लेक हसली. घरातला तो जुना विनोद, बायकोही हसायची. त्यानं रेझिस्टर मुठीत झाकला. मग मूठ उघडली. “तिची नाही गं. माझी.” लेकीचं हसू मावळलं. “बाबा, लोकांचे एवढे रेडिओ उघडलेत. हीच एकदाही नाही?” तो टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत राहिला. झाकणाला चारच होते.