आप्पांच्या हृदयातली टपालगाडी

आप्पांना बसवायच्या कृत्रिम हृदयाची संगणक-प्रणाली त्यांची मुलगी भार्गवीच लिहीत होती. दर ठोक्याला हृदयाची कामं क्रमाने लावायला तिने सगळ्यात वेगवान पद्धत निवडली होती.

"लाखात एखाद्या वेळी रेंगाळते, एवढंच," ती म्हणाली.

आप्पांची सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रं क्रमाने लावण्यात गेली होती. "आमचा गावडे असाच चपळ. पण आधीच नीट लावलेला गठ्ठा हातात आला, की त्याचा विश्वासच बसायचा नाही. पुन्हा लावत बसायचा, आणि टपालाची गाडी निघून जायची. बरं, हृदय दिवसाला ठोके किती देतं गं?"

"लाखभर," म्हणताच भार्गवीने जीभ चावली. तिने लगेच जरा सावकाश, पण कधीच न रेंगाळणारी पद्धत घातली.

"आता बसव," आप्पा हसले. "मला कुठे घाई आहे?"