आधण

धरणगावच्या गायरानाचा निम्मा भाग रोपवाटिकेच्या कुंपणात गेला, तेव्हापासून भिकुबाईच्या बकऱ्यांचे हाल होते. ती स्वतः तिथेच मजुरीला जायची. बाभळीचं बी दोन वर्षं उगवलंच नव्हतं. "यंदाही नाही उगवलं, तर जमीन परत गावाला," असं वनखात्याचे साहेब सगळ्यांसमोर बोलून गेले होते.

भिकुबाईला कसलाच धोका नको होता. पेरणीच्या आदल्या दिवशी तिने चुलीवरचं खळखळतं आधण गुपचूप बियांच्या घमेल्यात ओतलं.

पंधरा दिवसांनी साहेबांची जीप आली, तेव्हा सगळे वाफे हिरवेगार झाले होते.

"कोणी काय केलं या बियांना? खरं सांगा."

भिकुबाईचा धीर सुटला. "मी आधन वतं, साहेब. बी मराले पाहिजे म्हनीसन."

साहेब मुकादमाकडे वळले. "ऐकलंस सुकदेव? दोन वर्षं हेच सांगतोय, कवच टणक असतं, उकळतं पाणी ओता. तू आपला बी मरेल म्हणून कोमट पाणी घालत बसलास."



मग भिकुबाईला हात जोडून ते म्हणाले, "अक्का, आता उरलेल्या गायरानालाही कुंपण घालू."