चिखल लावलेला चेंडू

बेसबॉलच्या मोठ्या लीगमधला पहिलाच सामना तासाभरावर आला होता आणि चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणजे पिचर, कोल्बी दुसऱ्यांदा ओकून आला. म्हातारा ऑर्विल खेळाडूंच्या खोलीत कोपऱ्यात बसून नव्या चेंडूंना नदीचा चिखल चोळत होता, त्यांची चकाकी जावी म्हणून.

"हात बघा काका, कसे थरथरतायत. आज माती खाल्ली तर संपलंच सगळं."

"पहिल्या दिवसाचं काय घेऊन बसलास पोरा? बाहेर स्टेडियमच्या दारात ज्याचा पुतळा आहे ना, तो बाबा पहिल्या सामन्यात चारदा खेळायला आला आणि चारही वेळा नुसती हवेत बॅट फिरवून परत गेला."

कोल्बीला जरा धीर आला. "समोर पिचर कोण होता?"

"मी," ऑर्विल म्हणाला आणि त्याने चिखलात बोट बुडवून पुढचा चेंडू उचलला.

कोल्बीने पहिल्याच फलंदाजाला तीन चेंडूंत परत पाठवलं. मैदान दणाणलं. रिवाजाप्रमाणे तो चेंडू आठवण म्हणून त्याच्याच हातात ठेवला गेला.



चेंडूवर ऑर्विलच्या अंगठ्याचा मातकट ठसा होता, पुतळेवाल्याला चारदा परत पाठवूनही आज चेंडूंना चिखल चोळत बसलेल्या पिचरचा, आणि कोल्बीचे हात पुन्हा थरथरायला लागले.