न वाजलेलं व्हायोलिन

व्हायोलिन ऐकूच येत नव्हतं.

मास्तरांना आधी वाटलं, आपलेच कान गेले. ड्रमचा दणका छातीत बसत होता. दोन गिटारी करवतीसारख्या किरकिरत होत्या आणि टकला गायक गळ्याच्या शिरा फुगवून गुरगुरत होता. भर दुपारच्या उन्हात मैदानभर काळे शर्ट उड्या मारत होते. मंचाच्या कडेला मास्तरांची लेक वाजवत होती. काळा पायघोळ झगा, मोकळे केस, गज सपासप चाललेला. तिचा हात मास्तरांनीच घडवला होता. गज असा फिरला की कुठला सूर निघतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. इथे गज फिरत होता आणि सूरच नव्हता.

ते तिला न्यायला आले होते. वाद्यवृंदातली पहिल्या रांगेतली जागा सोडून ती या टोळक्यात शिरली, तेव्हा घरात मोठं भांडण झालं होतं. "त्या गोंगाटात तुला कुत्रं तरी ऐकणार आहे का?" मास्तर ओरडले होते. ती दार आपटून गेली, ती गेलीच. उन्हाळाभर दोघांत शब्द नाही. आता वाद्यवृंदातली ती जागा पुन्हा रिकामी झाली होती. तेवढं सांगायचं, हाताला धरायचं आणि निघायचं, असं ठरवून ते आले होते.

ते कोपरं मारत गर्दीतून मैदानाच्या मधल्या मांडवात शिरले. आवाज सांभाळणारा माणूस तिथे बटणांच्या भल्यामोठ्या फळीपुढे च्युइंगम चघळत बसला होता.

"व्हायोलिन का येत नाही?" मास्तर त्याच्या कानाशी ओरडले.

"बंद आहे, काका. पहिल्या कार्यक्रमापासून बंदच असतं. पोस्टरवर बरी दिसते, म्हणून ठेवलीय तिला."

"तिला माहीत आहे?"

"छे! तिच्या कानातल्या यंत्रात तिला स्वतःचं सगळं ऐकू येतं. खूश असते बिचारी."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. एवढं तिच्या कानावर घातलं असतं, तर ती आपल्या पायांनी परत आली असती.

"तिचं बटण कुठलं?"

त्या माणसाने सवयीने बोट दाखवलं. मास्तरांनी ते बटण पार वरपर्यंत सरकवलं.

व्हायोलिन गिटारींच्या छाताडावर पाय देऊन उभं राहिलं. मास्तरांनी असलं काही तिला कधीच शिकवलं नव्हतं. ते रागीट होतं, खरबरीत होतं आणि सुराला बावनकशी होतं. उड्या मारणारे थांबले. माना मंचाच्या कडेकडे वळल्या. आवाजवाल्याने मास्तरांचं मनगट धरलं, पण ओढायचं विसरून तोही ऐकत राहिला.

गाणं संपलं आणि गायक माइकमध्ये भडकला, "कुणी उघडलं रे ते व्हायोलिन? इतके दिवस बंद होतं तसंच ठेव!"

सगळ्या मैदानाने ते ऐकलं. तिनेही ऐकलं.

कानातलं यंत्र उपटून ती खाली उतरली. लोकांनी वाट करून दिली. मांडवात बापाला पाहून ती क्षणभर थबकली.

"बाबा, खरंय हे?"

"खरंय."

"म्हणजे तुम्ही बोललात तेच झालं. मी मूर्खासारखी हवेत गज फिरवत होते." तिने त्यांची बाही धरली. "चला. मला नाही थांबायचं इथे."

मास्तरांनी बाही सोडवून घेतली.

"चला म्हणे! ही माणसं अर्धवट ऐकून घरी जाणार का? वर चढ," ते गरजले. "आणि त्या टकल्याला सांग, बटणावर तुझ्या बापाचा हात आहे. आता कुणाचा आवाज बंद झालाच, तर त्याचा होईल."