मोठा आ करा

“मोठा आ करा. अजून मोठा,” दातांचे डॉक्टर म्हणाले. खुर्चीतल्या माणसाने निमूटपणे आ केला, तेव्हा डॉक्टरांना झालेला आनंद काही दाढ सापडल्याचा नव्हता.

खुर्चीत नऊ नंबर होता. साक्षात नऊ नंबर. ज्याच्या नावाने डॉक्टर दर रविवारी स्टँडमधून घसा फोडत आले होते, तो त्यांच्या लाडक्या फुटबॉल संघाचा हुकमी खेळाडू. सामना तोंडावर आला होता आणि हरला तर संघ थेट खालच्या गटात जाणार होता. अशात नऊ नंबरची दाढ ठणकत होती. ती निघाली नाही, तर तो खेळणार नव्हता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, फिल्म दिव्यासमोर अडकवली, हिरडीत भुलीची सुई दिली आणि गालात कापसाचे बोळे कोंबले. आता रोग्याला बोलता येत नव्हतं. आणि डॉक्टरांना गप्प बसता येत नव्हतं.

“मला एक सांगा,” स्टूल पुढे ओढत ते म्हणाले, “हेडरच्या वेळी तुम्ही मान का चोरता? बॉल आहे तो, वीट नाही.”

“आँ,” नऊ नंबर म्हणाला.

“ऐका आधी. तुमचा तो कोच. बाकावर बसून उंटावरून शेळ्या हाकतो. पळणाऱ्याला बसवतो आणि बसणाऱ्याला पळवतो. गोलकीपरच्या हाताला तर लोणी लावलेलं आहे. ते जाऊ दे. मला सांगा, ती गेल्या रविवारची पेनल्टी.”

नऊ नंबरने हात वर केला आणि जोरजोरात हलवला.

“हात खाली. इथे रेफरी मी आहे,” डॉक्टर म्हणाले. “त्यांचा गोलकीपर एका बाजूला पडलेला. समोर अख्खं जाळं मोकळं. आणि बॉल गेला कुठे? पार्किंगमध्ये. माझ्या स्कूटरजवळ. अहो, जन्मभर हे एकच काम करता ना तुम्ही? मग डोळ्यांसमोरचं चुकतं कसं माणसाचं?”

कोपऱ्यात डॉक्टरांची बायको अवजारं धूत होती. दवाखान्यात मदतनीसही तीच, आणि घरी रविवारची आदळआपट ऐकणारीही तीच. तिने दिव्याकडे पाहिलं आणि हात पुसले.

“अहो.”

“थांब गं. पेनल्टीवर आलोय.”

“अहो, ती फिल्म बघा.”

“फिल्म कुठे पळून जातेय?” असं म्हणत डॉक्टरांनी पकड उचलली आणि दाढेवर टकटक केली. दाढ खणखणीत होती. शेजारचीही. मागचीही. तोंडाची ती बाजू वर्गात दाखवायला ठेवावी इतकी सुरेख होती.

आता त्यांनी फिल्मकडे पाहिलं. बाजू कळावी म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात एक टिंब असतं. ते आपल्याकडे फुगलेलं दिसायला हवं. ते आत गेलेलं होतं. फिल्म उलटी लागली होती. मनातल्या मनात भाषण जुळवताना त्यांनीच ती तशी लावली होती, आणि भूल चांगल्या बाजूला दिली होती.

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी गुपचूप कापसाचे बोळे काढले.

“मघापासून तेच सांगतोय,” नऊ नंबर दुसऱ्या गालावर बोट ठेवत वाकड्या तोंडाने म्हणाला. “दुखतेय ती बाजू ही.”

“माफ करा हो,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज स्टँडमधला राहिला नव्हता. “देवाशप्पथ सांगतो, एवढ्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नाही.”

नऊ नंबरने त्यांच्याकडे पाहिलं. मग बधिर न झालेल्या अर्ध्या तोंडाने हसला.

“त्या पेनल्टीपर्यंत माझ्याही पायातून झालं नव्हतं,” तो म्हणाला.

आधी बायको हसली. मग नऊ नंबर परत हसला आणि त्याच्या ओठांतून पाणी ओघळलं. डॉक्टरांनी ते पुसलं, आणि पुसता पुसता त्यांनाही हसू आवरेना. बाहेर बसलेल्या रोग्यांना वाटलं, आज आत दात फुकट काढतायत की काय.

डॉक्टरांनी फिल्म सुलट केली आणि दुसऱ्या बाजूला भूल दिली. ते एक अक्षर बोलले नाहीत. दाढ निघाली ती मुळापर्यंत किडलेली. असली दाढ जबड्यात घेऊन हा माणूस डोक्याने बॉल मारत होता. डॉक्टरांना आपल्या ओरडण्याची लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल एकदम माया वाटली.

रविवारी बायकोही मैदानावर आली. नऊ नंबर खेळला. मान न चोरता त्याने डोक्याने असा गोल मारला की डॉक्टरांची टोपी कुठल्या कुठे गेली. संघ जिंकणार हे दिसू लागलं. लोक गाऊ लागले. आणि शेवटाला, जाळं सताड मोकळं असताना, नऊ नंबरने बॉल आकाशात मारला.

सगळा स्टँड ओरडला. नऊ नंबरने गर्दीत डॉक्टरांना शोधलं आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. चांगल्या बाजूच्या गालावर.

बायको हसून हसून वाकली. डॉक्टर उठून उभे राहिले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवू लागले.

“डॉक्टर, बरं आहे ना?” शेजारच्या खुर्चीवर कायम बसणारे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. “मोकळा गोल घालवला त्याने, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?”

“होतं हो असं,” डॉक्टर म्हणाले, “आमच्यासारख्या मोठ्या लोकांच्या हातून.”