जोडीतला दुसरा

दस्तगीरनं गाडी जॅकवर उचलली आणि डाव्या चाकाला दोन्ही हातांनी हिसका दिला. चाक खडखडलं.

"काका, स्टेअरिंगपासनं चाकापर्यंत जातो तो डावा टाय रॉड झिजलाय. काकी बसतात त्या बाजूचा! हैत कुठं त्या?"

"केदारनाथला," मी म्हणालो. "चढावर खेचर अडून बसलं, तर हिनं त्यालाच पाठुंगळी घेऊन वर नेलं. आता तिथली माणसं तिला सोडेनात." मागच्या खेपेला मी तिला जहाजावर कप्तान केलं होतं.

दस्तगीर पोट धरून हसला. मग त्यानं उजवं चाक हलवून बघितलं. ते घट्ट होतं. तरी म्हणाला, "दोन्ही बदलूया. एक गेला की जोडीतला दुसराबी फार दिवस काढत नाही."

"काढतो रे," माझ्या तोंडून निसटलं. "मी चार वर्षं काढतोयच की."

त्याचा हात चाकावरच थांबला. जहाज, खेचर, सगळं त्याला एकदम कळलं.

त्यानं डावा तेवढा बदलला. उजव्या चाकावर थाप मारत म्हणाला, "हा ऱ्हाऊ दे. पण दर बुधवारी दाखवायला आणायचा. आणि त्या खेचराचं पुढं काय झालं, तेबी सांगायचं."