झुल्माची किटली

हुकूमशाहीत विद्यापीठातून हाकललेले प्राध्यापक घराघरांत चोरून वर्ग घेत. त्यांच्यावरच्या माहितीपटासाठी मोंतेविदेओतल्या त्या घरांचं चित्रीकरण चाललं होतं. माझ्या दिवाणखान्याला अर्धा तास आणि आमच्या ह्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या झुल्माच्या स्वयंपाकघराला आख्खा दिवस! तिथे काय सोनं लागलंय म्हणून गेलेच बघायला. कॅमेऱ्यासमोर झुल्माने ‘माते’ नावाच्या पानांच्या कडू काढ्याने भोपळ्याचा तुंबा भरून माझ्या हातात दिला. तो संपवून परत देताना मी ‘धन्यवाद’ म्हटलं. आमच्याकडे धन्यवाद म्हणजे पुरे, आता ओतू नका. हे घरी जन्मभर पहिल्याच तुंब्याला धन्यवाद म्हणून उठायचे. मला वाटे, ह्यांना सोसत नाही. झुल्मा हसली. “एवढ्यातच, वहिनी? तुमचा आन्सेल्मो तर इथे किटली रिकामी होईपर्यंत धन्यवाद म्हणायचा नाही!” मी तुंबा उचलून पुन्हा तिच्यापुढे धरला. “ओत,” म्हटलं, “किटली संपेपर्यंत मी इथून उठणार नाही.”